साक्षीचा कागद

"माझ्या पट्ट्या मातीत कुजायला हव्या होत्या. कुजल्या नाहीत," ती बाई दारातूनच म्हणाली. "कोणीतरी त्यांना कुजू दिलं नाही. कोणी, ते मला आज दुपारच्या आत हवंय."

आपली वस्तू कुजली नाही म्हणून भांडायला आलेलं माणूस दाजींनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली नाही.

खोली घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर होती. खालून शंभर घड्याळांची कुजबुज वर यायची, एकाचंही दुसऱ्याशी पटायचं नाही. खोलीत खुर्च्या दोनच. एक शोध घेणारीची. तिचं कागदोपत्री नाव पाटीवर होतं, पण अंगाने सडसडीत आणि बोलायला टोचरी म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. दुसरी खुर्ची दाजींची, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. बस चालवण्यातून निवृत्त झाल्यावर ते दिवसभर स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं उघडून बघायचे. शेवटी बहिणीने कंटाळून त्यांना मेहुणीच्या हवाली केलं होतं.

"नाव काय लिहू?" दाजींनी विचारलं.

"बटाटेबाई. लोक मागून म्हणतात, तुम्ही समोर म्हणा."

मग उभ्याउभ्याच तिने सांगायला घेतलं. बटाट्यातून काढलेला स्टार्च, त्यात ग्लिसरीन आणि चिमूटभर मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार. हे सगळं शिजवून ती त्याची पातळ फिल्म ओतायची आणि फिल्मच्या पिशव्या करायची, रोपांसाठी. रोप पिशवीसकट जमिनीत लावायचं. कोवळं आहे तोवर तांबं त्याच्या देठाला बुरशी लागू देत नाही, पुढे माती पिशवी खाऊन टाकते. तिची आई रोपवाटिकेत काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या नखांनी फाडायचं काम करायची. आईची नखं तिने कधी पूर्ण वाढलेली पाहिली नव्हती. त्या नखांचं काही करायचं, हे तिने शाळेत असतानाच ठरवलं होतं.

"आणि अडलं कुठे?" टाचणी म्हणाली.

"तांब्यावर. स्टार्चमध्ये धातू घालून ते मातीत पुरायचं नाही, असा नियम आहे. माझ्या सरांच्या शब्दावर झालेला. तरी सरांनीच माझ्यासाठी चाचणीची परवानगी आणली. म्हणाले, नियम माझा असला तरी एकदा मातीला विचारून बघू."

चाचणी साधी होती. माती तपासतात त्या परीक्षागृहात मातीची लांब लोखंडी पेटी असते. एका टोकाला हिच्या फिल्मच्या पट्ट्या पुरल्या, दुसऱ्या टोकाला साधा कागद. कागद कुजला तर माती जिवंत आहे असं समजायचं. बाकीचे त्याला कंट्रोल म्हणत, सर साक्षीचा कागद म्हणत. झाकणाला तीन कुलपं लागली, एक सरांचं, एक निकाल देणाऱ्या समितीचं, एक हिचं. सारा हिवाळा पेटी बंद राहिली. काल सगळ्यांसमोर उघडली, तेव्हा तिन्ही कुलपं जशीच्या तशी होती. कागदाच्या चिंध्या झाल्या होत्या. पट्ट्या मात्र काल ओतल्यासारख्या धडधाकट.

"म्हणजे आता म्हणणार, तुमच्या तांब्याने आजूबाजूची माती मारली," टाचणी म्हणाली. "कागद दुसऱ्या टोकाला होता म्हणून वाचला, म्हणजे कुजला."

"तेच म्हणाले. दुपारी समिती 'मातीला घातक' असा शिक्का मारणार. एकदा तो बसला की जगात कोणी माझी पिशवी हातात धरणार नाही."

"तुमच्याच कृतीत काही चुकलं असेल तर?" दाजींनी भीतभीत विचारलं.

"तर मी स्वतः शिक्का मारीन," ती म्हणाली. "पण चुकलेलं नाही."

टाचणीने चप्पल घातली. तिला या बाईचं न बसणं आवडलं होतं.

*

आधी तिघं बटाटेबाईच्या कारखान्यावर गेली. कारखाना म्हणजे गॅरेजएवढी खोली. उकळत्या स्टार्चचा कोमट, गोडसर वास भिंतींना चिकटून बसला होता. काचेच्या तक्त्यांवर ओतलेली फिल्म वाळत पडली होती, फिकट हिरवी, नुकत्याच फुटलेल्या पानासारखी. तिचा दीर मशीनखाली आडवा होऊन काहीतरी पिळत होता.

विचारल्यावर तो घडाघडा बोलला. तांबं काढून टाक, बिनधातूची पिशवी उद्या विकली जाईल, असं तो वहिनीला वर्षभर सांगत होता. एकदा परीक्षागृहाच्या आवारात दोघांचं कडाक्याचं भांडणही झालं, ते सगळ्यांनी ऐकलं. मोरचुदाचं पोतं त्याच्याच ताब्यात असायचं.

"मग तुम्हीच केलंत का हे?" टाचणीने विचारलं.

"ताई, वहिनीला हरवायचं असतं तर मी मशीन बिघडवलं असतं. ते तसंही रोज बिघडतंय." पेटीत माती भरली त्या दिवशी तो सुटा भाग आणायला दुसऱ्या शहरात गेला होता. काल पेटी उघडताना होता, पण दाराबाहेर, कारण आत त्याला वहिनीचा चेहरा बघवला नसता.

टाचणीने प्रथमोपचाराच्या पेटीतून आयोडीन मागून घेतलं आणि मातीतून निघालेल्या पट्टीवर एक थेंब सोडला. थेंब पसरला तसा काळानिळा झाला. आत स्टार्च होता. म्हणजे पट्ट्या कोणी बदलल्या नव्हत्या. मग तिने मातीतली एक पट्टी आणि तेवढीच नवी पट्टी वेगवेगळ्या वाट्यांत जाळायला लावली. दोन्ही ज्योतींना सारखीच हिरवी कड आली. उरलेली राख काट्यावर ठेवली तर तीही सारखीच भरली.

दाजी राखेकडे आदराने बघत म्हणाले, "यातून काय कळलं?"

"पट्टीतलं तांबं पट्टीतच आहे, दाजी. ते कुठे फिरायला गेलं नव्हतं."

निघताना टाचणीने सहज विचारलं, की पट्ट्या ज्या जाळीच्या पिशव्यांत पुरतात त्या कोण शिवतं. बटाटेबाई म्हणाली, ती स्वतःच, आईने शिकवलेल्या उलट्या टाक्याने, म्हणजे ओढलं तरी उसवत नाही. कागदासाठीही तिनेच शिवली होती. आणि एक जादा, फाटलीच तर असावी म्हणून सरांनी मागितलेली.

*

परीक्षागृह म्हणजे उंच छताची, थंड जमिनीची खोली. भिंतीला लागून हात धुवायचं बेसिन, मधोमध ती पेटी. माळी दारात उभा होता, आत येऊ की नको अशा बेताने.

पेटीसाठी माती त्यानेच वाफ्यातून आणली होती. काळी, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली. ती चाळायला तो बसणार तेवढ्यात सरांनी चाळणी हातातून घेतली, त्याला पाणी आणायला पाठवलं, आणि तो येईपर्यंत माती पेटीत भरूनही झाली होती. पुढे हिवाळाभर तो पेटीच्या एका टोकाच्या नळीतून पाणी सोडायचा. झाडांवर मारायला मोरचूद त्याच्याही खोलीत होतं, हे त्याने न विचारता सांगून टाकलं. दाजींनी टाचणीला कोपराने ढोसलं. नळी, पाणी, मोरचूद, आणखी काय हवं होतं?

टाचणीने खिशातून चार खिळे काढले, ते पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले, आणि पेटीच्या चारही कोपऱ्यांतली माती वेगवेगळ्या वाट्यांत थोड्या पाण्यात कालवून प्रत्येकीत एक खिळा उभा केला. मग दाजींना म्हणाली, आता तुमचा डबा काढा.

दाजींचं खाणं होईपर्यंत चारही खिळे तांबूस झाले होते, जणू कोणी त्यांना लाजवलं होतं.

"मोरचूद पाण्यात असलं की लोखंडावर तांबं चढतं," बटाटेबाई सावकाश म्हणाली. "पण हे चारही..."

"चारही सारखे," टाचणी म्हणाली. "नळीच्या टोकाला जास्त आणि लांब कमी, असं नाही."

दाजींनी माळ्याकडे पाहिलं आणि आपल्या डब्यातली उरलेली पोळी त्याच्यापुढे केली. त्यांची माफी मागायची पद्धत तीच होती.

कागदाच्या चिंध्या अजून जाळीच्या पिशवीतच होत्या, ताटलीत ठेवलेल्या. टाचणी वाकून बराच वेळ बघत राहिली. पट्ट्यांच्या पिशव्या कोरड्या ब्रशने झटकलेल्या होत्या. कागदाची पिशवी मात्र धुतलेली होती, ओलसर. आणि जाळीच्या एका भोकातून आत शिरून दुसऱ्यातून बाहेर आलेलं एक पांढरं मूळ होतं, केसासारखं बारीक. तिने ते नखाने हलवलं. ते लवचिक होतं.

काल काय काय झालं, ते तिने क्रमाने विचारलं. बटाटेबाईने सांगितलं. सरांचा आयुष्यभराचा शिरस्ता आहे, आधी साक्षीचा कागद काढायचा, मगच माल. कागदाला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही. त्यांनी स्वतः पिशवी उचलली, बेसिनवर नेऊन धुतली आणि ताटलीत ठेवली.

"बेसिनकडे वळले तेव्हा तुम्हाला त्यांची पाठ दिसत होती?"

बटाटेबाईने होकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "सरांना यात आणू नका."

"मी कोणाला आणत नाही. जो आत असतो तो सापडतो."

*

सरांची खोली उन्हात न्हाऊन निघालेली होती. पांढरे केस, मऊ आवाज, कोपरांवर झिजलेला कोट. त्यांनी बटाटेबाईला बाळ म्हटलं आणि तिच्यासाठी आधी पाणी ओतलं. तिन्ही भिंतींना काचेची कपाटं होती, त्यांत पिशव्या, बरण्या, पिवळे पडलेले तुकडे. ते अभिमानाने म्हणाले, की तरुणपणापासून आजवर एकही नमुना त्यांनी फेकलेला नाही. निकाल काहीही लागो, नमुना जपायचा. विद्यार्थ्यांना ते पहिल्या दिवशी हेच शिकवायचे.

खिडकीत एक कुंडी होती. रोप छान पोसलेलं, पण एका अंगाला कललेलं, आणि त्या अंगाची माती नुकतीच उकरलेली. दाजींनी रोपाचं कौतुक केलं. सर म्हणाले, कुंडी बदलली परवा.

टाचणीने एवढंच विचारलं, की जादा मागितलेली जाळीची पिशवी कुठे आहे. सरांनी खांदे उडवले. हरवली असेल, म्हातारपण आहे. मग बटाटेबाईकडे वळून ते कळवळून म्हणाले, की बाळ, हार मानण्यात कमीपणा नाही, मातीने उत्तर दिलंय. माझ्या हाताखाली काम कर, बिनधातूचं, मी तुला मोठं करीन.

"मी मोठीच आहे, सर," ती म्हणाली.

*

दुपारी समिती परीक्षागृहात पेटीभोवती जमली. अध्यक्षबाईंच्या हातात शिक्का होता. सर, दीर, माळी, सगळे होते. टाचणी पेटीच्या कडेवर हात ठेवून उभी राहिली. दाजींनी खिळ्यांची ताटली अशी धरली होती की जणू ती त्यांचीच करामत.

"काल तुम्ही सगळे पट्ट्यांकडे बघत होतात," तिने सुरुवात केली. "पट्ट्या कुजल्या नाहीत, हे कोडं नाही. या मातीत काहीच कुजू शकत नाही. खिळे बघा. चारही कोपऱ्यांत सारखं मोरचूद आहे, कागद पुरला होता त्या टोकालाही. कोडं हे आहे की मेलेल्या मातीत कागद कुजला कसा."

दाजींनी ताटली समितीपुढे धरली.

"हे तांबं पट्ट्यांतून आलेलं नाही. जुनी आणि नवी पट्टी जाळून राख तोलली, सारखी भरली. वरून नळीतूनही आलेलं नाही, नाहीतर नळीजवळ जास्त सापडलं असतं. म्हणजे झाकण लावायच्या आधी ते मातीत कालवलं गेलं. तेव्हा दीर गावात नव्हते. माळ्याला पाण्याला पाठवलं होतं. चाळणी एकाच हातात होती."

दाजींच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. त्यांनी ताटली खाली ठेवली.

"पण नुसती माती मारून भागत नव्हतं. तशा मातीत साक्षीचा कागदही धडधाकट निघाला असता. मग तुम्ही म्हणाला असतात, माती खराब होती, चाचणी रद्द, पुन्हा घ्या. या बाईंना पुन्हा संधी मिळाली असती. ती मिळू नये म्हणून कागद कुजलेलाच निघायला हवा होता. तर तो दुसरीकडे कुजवला. या पिशवीत एक मूळ आरपार वाढलंय. चाळलेल्या मातीच्या बंद पेटीत कोणतं झाड वाढलं? मूळ सरांच्या खिडकीतल्या कुंडीतलं आहे. पिशवीला उलटा टाका आहे, म्हणजे ती बाईंनीच शिवलेली. आणि जादा पिशवी एकाच माणसाने मागून घेतली होती."

सर म्हणाले, "जिवंत मातीत तुटकी मुळं असतातच."

"तुटकी मेलेली असतात, सर. हे जाळीतून वळून गेलंय." टाचणीचा आवाज चढला नाही. "काल तुम्ही सगळ्यांकडे पाठ फिरवून बेसिनवर पिशवी धुतलीत. कुजलेला कागद कोणी धूत नाही, तो हातात विरघळतो. तुम्हाला पाणी नको होतं, आडोसा हवा होता. पेटीतली पिशवी कोटात गेली, कुंडीतली ताटलीत आली."

"पुरावा?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"दुसऱ्या कोणी पेटीतला तो कागद जाळून टाकला असता. सर जाळू शकत नाहीत. सरांनी आजवर एकही नमुना फेकलेला नाही. कपाटात बघा."

अध्यक्षबाई स्वतः गेल्या. त्या परतल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर उलट्या टाक्याची जाळीची पिशवी होती. आत कागद होता, हिरवट डागांचा, पण चारही कोपरे शाबूत.

सरांनी नाकारलं नाही. खुर्ची ओढून ते बसले आणि बटाटेबाईलाच उद्देशून बोलले, जणू बाकी कोणी तिथे नव्हतं. धातू आणि स्टार्च एकत्र पुरायचे नाहीत, हे त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना शिकवलं. नियम त्यांच्या शब्दावर झाला. परवानगी आणून दिली तेव्हा त्यांना खात्री होती की ती हरेल. मग पेटी भरायच्या आधी त्यांनी आपल्या कुंडीत तिची एक पट्टी पुरून पाहिली.

"आणि?" तिने विचारलं.

"विरघळली," सर म्हणाले. "झाडाला काही झालं नाही."

दीर भिंतीला टेकला. माळ्याने मान खाली घातली. बटाटेबाईचे डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत आणि लपवलेही नाहीत.

"मातीला विचारायला तुम्हीच मला शिकवलंत," ती म्हणाली. "तिने तुम्हाला उत्तर दिलं. तुम्ही तिचं तोंड दाबलंत. माझं दाबलं असतं तर मी एकवेळ सोडून दिलं असतं, सर."

"बाळ..."

"बाळ नका म्हणू. बटाटेबाई म्हणा."

अध्यक्षबाईंनी शिक्का पर्समध्ये टाकला. समितीशी बोलून त्या म्हणाल्या, की चाचणी रद्द, सरांबद्दल वेगळा निर्णय होईल. नवी पेटी मागवू, नवी माती, आमची माणसं चाळतील, पाच कुलपं लावू.

"पेटी नको," बटाटेबाई म्हणाली. "बंद झाकणाखाली काय होतं ते आपण पाहिलं. बाहेर वाफ्यात पुरते. फाटकापाशी, जिथून सगळे येतात-जातात. ज्याला शंका येईल त्याने उकरून बघावं, कोणत्याही दिवशी, मला न विचारता. नाही कुजली तर तो शिक्का घेऊन या, मी इथेच असेन."

ती बाहेर निघाली. माळ्याने धावत जाऊन फावडं आणलं. तिने ते त्याच्या हातातून घेतलं. एक पट्टी, एक कागद, आणि पिशवीसकट एक रोप. ऊन डोक्यावर होतं. समितीतले लोक एकेक करून पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. दाजी टाचणीच्या कानाशी म्हणाले, की याची राखण कोण करणार, कोणी उपटून नेलं तर.

"तर ती दुसरं लावील," टाचणी म्हणाली.

अध्यक्षबाई वाफ्याच्या कडेला आल्या. निदान एखादी जाळी, एखादं कुंपण, असं काहीसं त्या म्हणत होत्या. बटाटेबाईने ऐकून घेतलं. मग नखं काळी होईपर्यंत दोन्ही हातांनी माती ओढून तिने खड्डा बुजवला, वरून पाय देऊन दाबला, आणि फाटक सताड उघडं ठेवून ती कामावर गेली.